विचारून चाललेली वाट

बेरिल गॅरड कुणाच्या पायावर पाय देणारी बाई नव्हती. उलट तिच्या पायावर कुणी पाय दिला, तर "सॉरी" तीच म्हणायची. ब्लॅक्सहोल्ट गावात यावरून तिची भरपूर थट्टा व्हायची. रेल्वेतून निवृत्त झालेला डेरेक स्माय चारचौघांत म्हणायचा, "बेरिलच्या घरात चोर शिरला ना, तर ही आधी त्याला विचारील, दिवा लावला तर चालेल ना म्हणून." मग बेरिल हसायची, आणि हसतानाही जणू हसू का असं विचारून हसायची.

पण ही सवय काही अशी तशी लागलेली नव्हती. तिचा बाप दुसऱ्याच्या शेतावर राबणारा गडी. राहायचं घर मालकाचं. काम गेलं की आठवड्याच्या आत घरही जायचं. आईनं पोरीला चालायला शिकवलं त्याच सुमारास हेही शिकवलं: मागच्या दारानं जायचं, दोनदा ठोठवायचं, आणि 'ये' म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. एकदा थोरल्या भावानं मालकाच्या बागेतली पडलेली सफरचंदं न विचारता उचलली, तर आईनं त्याला कानाला धरून मालकाच्या दारात उभं केलं होतं. त्या घरात विचारणं म्हणजे डोक्यावरचं छप्पर शाबूत ठेवणं होतं. ज्यांचं छप्पर स्वतःचं असतं त्यांना ही गोष्ट विनोदी वाटते, त्याला काय करणार?

नवरा केन वारला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. गावच्या बेकरीत नोकरी होती, आणि बेकरी बुधवारी बंद असायची. बाकीचे सहा दिवस कसेतरी जायचे, पण बुधवार अंगावर यायचा. म्हणून एका बुधवारी डबा आणि चहाचा थर्मास घेऊन ती घराबाहेर पडली आणि चालत राहिली. पुढच्या बुधवारी शेजारीण सोबत आली, तिच्या पुढच्या बुधवारी तिघीचौघी. वर्षभरात 'बुधवारची मंडळी' असं त्यांचं नावच पडलं. सकाळी नऊला चर्चच्या भिंतीपाशी जमायचं, अकरा मैल चालायचं, दिवेलागणीच्या आत घरी यायचं. बेरिल पुढे. कुणी तिला पुढारी नेमलं नव्हतं. तीच पहिल्यांदा निघाली होती, म्हणून पुढे.

आधी ऑल्डसचं रान लागायचं. ते ओक इतके जुने होते की त्यांचं वय सांगायच्या भानगडीत कुणी पडत नसे. बुंधे आतून पोकळ, एकेकात दोन माणसं पावसाला उभी राहतील एवढे. फांद्यांच्या बेचक्यांत हॉलीची झाडं उगवलेली, खाली कमरेएवढे नेचे. त्या रानात कुणी बोलत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता, पण पहिल्या ओकापाशी बोलणं आपोआप थांबायचं आणि पलीकडच्या फाटकापाशी पुन्हा सुरू व्हायचं. त्या अर्ध्या तासात कोण कुणासाठी झुरतंय, कुणाचा कसला रिपोर्ट यायचाय, ते सगळं ज्याचं त्याच्यापाशी राहायचं. केनसाठी बेरिल रडली असेल तर तिथेच, सगळ्यांच्या पुढे चालत असताना, कुणाला तोंड दिसत नसताना.

रान संपलं की माळ. ऑगस्टात हीदरची झुडपं फुलली की सगळा माळ जांभळा व्हायचा. उन्हाच्या दिवसांत फुरशाच्या जातीचे साप वाटेवरच पसरलेले असत. बेरिल काठी आपटत पुढे जायची आणि डेरेक मागून ओरडायचा, "बघा, सापालाही विचारतेय, जरा सरकता का म्हणून!" माळ उतरला की समुद्र. तिथला कडा भुसभुशीत वाळूचा. दर हिवाळ्यात समुद्र त्याचा घास घ्यायचा. चोवीस वर्षांत त्यांची जेवायची जागा तीनदा मागे सरकली होती. गोट्यांच्या किनाऱ्यावर बसून अंड्याची सँडविचेस खायची, चहा प्यायचा, वाऱ्याला शिव्या घालायच्या आणि परत फिरायचं.

आता या सगळ्यात एक गोष्ट फक्त बेरिलला ठाऊक होती. रानातली ती वाट नकाशात सरकारी वाट म्हणून नव्हती. म्हाताऱ्या होरेस ऑल्डसच्या जमिनीतून ती जायची. पहिल्याच वर्षी बेरिलला हे कळलं आणि तिनं तेच केलं, जे तिच्या आईनं केलं असतं. जानेवारीत कडू संत्री बाजारात आली की ती मार्मलेड करायची, त्यातली एक बरणी घेऊन ऑल्डसच्या मागच्या दाराशी जायची आणि दोनदा ठोठवायची.

"मिस्टर ऑल्डस, यंदाही आम्ही रानातून गेलो तर चालेल ना?"

म्हातारा बरणी उजेडात धरून बघायचा. "किती जण?"

"पंधरा-सोळा."

"गेल्या साली बारा होते."

"वय होतंय लोकांचं. डॉक्टर सांगतात चाला म्हणून."

"डॉक्टरला काय जातंय? त्याचं रान थोडंच आहे?" असं म्हणून तो थोडा वेळ विचारात पडल्याचं सोंग करायचा. "बरं, जा. फाटक तेवढं लावून घेत जा."

असं चोवीस वर्षं चाललं. बाकीच्यांना तिनं कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? आपण घरी पाहुणे बोलावले तर पाणी तापवून ठेवल्याचं काही जाहीर करत नाही. मंडळी बिनघोर चालत राहिली. वाट आपली आहे, आजोबा-पणजोबांपासून आपलीच आहे, असं त्यांना वाटत राहिलं.

ऑल्डस गेला. त्याचा मुलगा कॅनडात. त्यानं शेत, रान, घर सगळं पेनिक नावाच्या एका शहरी माणसाला विकलं. एप्रिलातल्या एका बुधवारी मंडळी रानापाशी आली तर फाटकाला साखळी आणि कुलूप. कुलूप नवंकोरं, चकचकीत. सोळा माणसं त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग डेरेकनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "असं होय? बघू."

डेरेक स्माय म्हणजे असा माणूस की एखादी गोष्ट हातात घेतली, तर तिचा कणा मोडेपर्यंत सोडायचा नाही. तो जिल्हा कचेरीत गेला, जुने नकाशे काढले, कायदा वाचला. कायदा असा होता की एखाद्या वाटेवरून लोक सलग वीस वर्षं हक्कानं चालले असतील, तर ती वाट कायमची लोकांची होते. मग मालक राजा असो की पेनिक. हे 'हक्कानं' काय ते डेरेक पुढे बोटांवर मोजून सांगणार होता. चोरून नाही, जोर करून नाही, आणि परवानगी मागून नाही. पण आधी हे सगळं त्यानं सांगितलंच नाही. आधी फॉर्म भरून घेतले. तीन वर्षं तो दारोदार फिरला आणि एकतीस जणांच्या जबान्या गोळा केल्या. त्यातले सत्तावीस बुधवारचे, आताचे आणि पूर्वीचे मिळून.

बेरिलचा फॉर्म त्यानं तिच्याच स्वयंपाकघरात भरला. तिचे हात पिठात होते, चष्मा कुठेतरी वर राहिला होता. "किती वर्षं चाललीस? चोवीस. महिन्यातून किती वेळा? चार. कुणी अडवलं? नाही." आणि मग 'कधी परवानगी मागितली होती का' या ओळीपुढे त्यानं आपणच 'नाही' लिहून टाकलं. जी चोरालाही विचारील म्हणून ज्या बाईची आयुष्यभर थट्टा केली, तिला एवढं एक विचारायचं डेरेकला सुचलं नाही. बेरिलनं हात पुसले आणि त्यानं बोट ठेवलं तिथे सही केली.

गावाच्या अर्जाची सुनावणी सोमवारी होती. आधीच्या गुरुवारी दुपारी डेरेकनं सगळ्यांना गावच्या हॉलमध्ये बोलावलं, साक्ष कशी द्यायची ते समजवायला. तेव्हा पहिल्यांदा बेरिलनं ते तीन नकार ऐकले. ती चहाचे कप भरत होती. तिसरा नकार कानावर आला आणि किटली हातात तशीच राहिली. कुणाचं लक्ष नव्हतं.

सगळे गेल्यावर ती आणि डेरेक कप विसळत होते.

"डेरेक, एक विचारू?"

"विचार. न विचारता राहणार आहेस थोडीच."

"समजा कुणी दर वर्षी मालकाला रीतसर विचारलं असेल, तर ते आपल्या बाजूनं चांगलंच ना?"

डेरेक हसला. "चांगलं? अगं, तिथेच सगळं संपलं! ज्यानं विचारलं त्यानं कबूलच केलं की वाट त्याची नव्हती. नुसती मालकाची मेहेरबानी."

"मी विचारत होते."

"काय विचारत होतीस?"

"दर जानेवारीत. मार्मलेड घेऊन जायची. आपल्या सगळ्यांसाठी विचारायची. मला वाटलं होतं सोमवारी हेच सांगायचं. आपण किती सभ्यपणे वागलो ते दिसेल."

डेरेकनं फडकं खाली ठेवलं. नळ बंद केला.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"ऑल्डसला."

"तो मेलाय, बेरिल."

"मी आहे ना."

"एकतीस फॉर्म," डेरेक म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तीन वर्षं. माझ्या बायकोनं आजारपणात पडल्या पडल्या पाकिटांवर पत्ते लिहिलेत. अख्ख्या गावाची वाट, आणि तू ती मुरंब्याच्या बरणीपायी विकलीस?"

"मला ठाऊक नव्हतं रे."

"तुला खोटं बोल असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगू नकोस. फॉर्मवर 'नाही' लिहिलंय. तिथे कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही." मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "एवढं माझ्यासाठी कर."

उरलेले तीन दिवस बेरिलचे कसे गेले ते तिलाच माहीत. शनिवारी ती एकटीच डांबरी रस्त्यानं तीन मैलांचा वळसा घालून माळावर गेली आणि पलीकडच्या बाजूनं रानाकडे बघत उभी राहिली. ओकांची पानं पिवळी पडायला लागली होती. एक 'नाही' म्हटलं तर हे सगळं राहणार होतं. तिच्यासाठीच नव्हे, पाळण्यातल्या पोरांसाठीसुद्धा, त्यांच्या पोरांसाठीसुद्धा. आणि खोटं पकडायला माणूसच उरला नव्हता. वाईट वाटत होतं ते याचं, की डेरेकचं बरोबर होतं. चोवीस वर्षं ती सगळ्यांच्या वतीनं कुणालाही न विचारता विचारत आली होती. आपण दार उघडतोय असं तिला वाटत होतं, आणि दर जानेवारीला तिनं ते आपल्याच हातानं लावून घेतलं होतं.

सोमवारी हॉल भरला होता. मध्ये टेबलाशी सरकारतर्फे निवाडा करायला आलेल्या मिसेस टॉलंड, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. एका बाजूला पेनिक आणि त्याचा तरुण वकील, दुसऱ्या बाजूला डेरेक आणि त्याचे नकाशे. बेरिलची साक्ष सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून शेवटी. तिनं रानाचं सांगितलं, माळाचं सांगितलं, चोवीस वर्षांचं सांगितलं. सगळं खरं होतं आणि चांगलं सांगितलं. वकील उलटतपासणीला उठला तेव्हा त्याच्याही चेहऱ्यावर काही फारसं हाती लागेल अशी आशा नव्हती. त्यानं दोनचार प्रश्न विचारले आणि पेनचं टोपण लावता लावता म्हणाला, "शेवटचं एक, मिसेस गॅरड. फॉर्मवर उत्तर आहेच, फक्त नोंदीसाठी विचारतो. तुम्ही कधी मिस्टर ऑल्डसची परवानगी मागितली होती?"

बेरिलनं डेरेककडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"हो," ती म्हणाली. "दर जानेवारीत. चोवीस वेळा. माझ्यासाठी आणि माझ्यासोबत येणाऱ्या सगळ्यांसाठी. फॉर्मवर आहे ते चुकलंय. सही माझी आहे, म्हणजे चूकही माझीच."

वकिलानं टोपण पुन्हा काढलं. हॉलमध्ये कुणाची तरी खुर्ची करकरली. मिसेस टॉलंडनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सावकाश विचारलं, "तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्याचा अर्थ काय होतो, याची कल्पना आहे ना तुम्हाला?"

"आता आहे, बाई. गुरुवारपर्यंत नव्हती."

जागेवर जाताना ती थांबली आणि सगळ्या हॉलकडे वळून "सॉरी" म्हणाली. जन्मात तिनं हा शब्द लाखो वेळा उच्चारला असेल, पण त्या दिवशी तो कुणी घेतला नाही. डेरेक नकाशाची घडी घालत होता. घडी चुकली, त्यानं ती उलगडून पुन्हा घातली.

सहा आठवड्यांनी निकाल आला. मागणी फेटाळली होती. बेरिलच्या साक्षीवर दोन पानं होती आणि त्यात 'अत्यंत प्रामाणिक साक्षीदार' असे शब्द होते. ज्या शब्दांनी वाट गेली तेच शब्द तिच्या कौतुकाचे, म्हणजे जखमेवर मीठ चोळायला सरकारनं माणूस पाठवल्यासारखंच झालं. बेकरीच्या दारात लोक तिच्याशी बोलायचे, हवापाण्याचं बोलायचे, आणि पाव घेऊन निघून जायचे. बुधवारी चर्चच्या भिंतीपाशी कधी पाच जण, कधी तीन, आणि तेही गावाभोवती एक फेरी मारून परतायचे. डेरेक आला नाही. ती दोनदा त्याच्या दाराशी जाऊन आली. आत रेडिओ चालू होता, पण दार उघडलं नाही.

मार्चमध्ये पेनिकनं कुलूप काढलं. माणूस वाईट नव्हता. खटला जिंकला, वाट कायदेशीर आपली ठरली, आता मन मोठं करायला त्याला काही अडचण नव्हती. फाटकावर त्यानं नीट रंगवलेली पाटी लावली: 'मालकाच्या परवानगीने चालण्यास मुभा. ही मुभा केव्हाही काढून घेतली जाऊ शकते.' बातमी गावभर झाली आणि पुढच्या बुधवारी चर्चच्या भिंतीपाशी पुन्हा सतरा माणसं जमली. सगळ्यांचे चेहरे उजळलेले.

"बघ बेरिल, झालं ना शेवटी मनासारखं!" शेजारीण म्हणाली. "उगीच एवढा तमाशा झाला. आता कुणी कुणाला काही विचारायलाच नको."

"हो," बेरिल म्हणाली.

फाटकापाशी तिनं नेहमीसारखी डोकी मोजली. मग फाटक उघडून धरलं आणि एकेकाला आत सोडलं. सतरावी शेजारीण आत गेल्यावर बेरिलनं बाहेरून फाटक लावलं.

"अगं, तू?"

"तुम्ही व्हा पुढे. मी रस्त्यानं येते. माळावर भेटू."

"गुडघे दुखतायत का?"

"नाही गं. जा, जा. बोलू नका आता, रान सुरू झालं."

ती रस्त्याला लागली. चोवीस वर्षं ती याच मेहेरबानीवर चालली होती आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं, कारण ती मेहेरबानी आहे हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. पेनिकनं उद्या पाटी काढली तर ही सतरा माणसं पुन्हा त्याच कुलपापुढे उभी राहतील, आणि तिच्याकडे द्यायला एक प्रामाणिक साक्ष सोडून काही नसेल. तिला रडू आलं. रानात येई तसं नाही. रस्त्यावर, मोटारी जवळून जाताना, तोंड दिसत असताना ती रडली.

वळणापलीकडे एक माणूस पाठमोरा चालत होता. टोपीवरून तिनं ओळखला. डेरेक दर बुधवारी या रस्त्यानं एकटाच माळावर जायचा हे गावात तिच्याखेरीज बहुतेक सगळ्यांना माहीत होतं. तिच्या पावलांचा आवाज आला तसा तो थांबला, पण वळला नाही.

"तू आत का नाही गेलीस?" त्यानं समोर बघतच विचारलं. "पाटी लागली आहे. परवानगी आहे."

"म्हणूनच."

एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत दोघं कडेच्या गवतात उभी राहिली. बेरिलनं डोळे पुसले. मी तुझ्यासोबत आले तर चालेल ना, हे वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं. अशी वाक्यं तिच्या जिभेवर जन्मापासून तयार असत. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुढे झाली आणि त्याच्या बाजूला येऊन चालू लागली.

डेरेकनं आपलं पाऊल जरा आखडतं घेतलं. माळ अजून अडीच मैल होता.